गुटेनबर्गने नेमकं काय शोधलं? एका जुळाऱ्याच्या मुलाचा धागा

खिळाजुळवा

नमस्कार मंडळी,

‘गुटेनबर्गने छपाईयंत्र शोधलं’ हे वाक्य आपण सगळे शाळेपासून वाचत आलोय. आमच्या अण्णांना ते कधीच पटलं नाही. अण्णा म्हणजे माझे वडील. चाळीस वर्षं त्यांनी खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, जुळवले. आमच्या तालुक्याच्या गावी आमचा छोटा छापखाना होता: एक ट्रेडल (पायाने चालवायचं छपाईयंत्र), भिंतीला लावलेले टाइपांचे केस, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, आणि वर्षभर लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, सोसायटीचे अहवाल. मी परीक्षेसाठी हे वाक्य मोठ्याने पाठ करत होतो तेव्हा ते स्टिकमधली, म्हणजे खिळे जुळवायच्या हातातल्या पट्टीतली, ओळ भरता भरता म्हणाले, “यंत्र नुसतं दाबतं रे. अक्षर कुठनं आणलं ते सांग.”

त्यांच्या त्या प्रश्नाचं उत्तर मी गेली दोन-तीन वर्षं जमेल तसं शोधतोय. जे हाती लागलं ते इथे मांडतो. चुकत असेन तिथे सांगा.

आधी दाबण्याचं. गुटेनबर्ग ऱ्हाईन नदीकाठच्या माइन्झ शहरातला. तो सगळा द्राक्षमळ्यांचा मुलूख. द्राक्षं पिळायचा स्क्रूचा दाबा तिथे रोमन काळापासून माहीत होता, कागद बनवणारेही तसाच दाबा वापरत. लाकडी ठोकळ्यावर चित्र कोरून ते कागदावर उमटवणंही युरोपात चालू झालेलं होतं. म्हणजे दाबा, कागद आणि ठसा या तिन्ही गोष्टी त्याच्या आधीच्या.

अडचण होती ती अक्षराची. एका पानात शेकडो ‘ए’ लागतात. ते सगळे एकाच उंचीचे हवेत. अण्णा सांगतात, एखादा खिळा केसभर उंच राहिला तर कागदाला भोक पडतं, केसभर बुटका राहिला तर अक्षर उमटतच नाही, मग खाली कागदाची चिठ्ठी लावत बसा. रुंदीचं उलट. ‘आय’ बारीक, ‘एम’ रुंद. उंची पक्की आणि रुंदी बदलती, असे हजारो तुकडे हाताने कोरायला गेलं तर आयुष्य जाईल.

यावर मुद्रणाच्या इतिहासात सांगितलं जाणारं उत्तर आहे हातसाचा. पोलादाच्या कांबीच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. ती कांब तांब्याच्या तुकड्यावर ठोकली की तांब्यात अक्षराचा खड्डा पडतो. तो तुकडा साच्याच्या तळाशी बसवायचा. साचा दोन काटकोनी भागांचा, एकमेकांवर सरकणारा. सरकवला की रुंदी कमीजास्त होते, उंची मात्र हलत नाही. वरून पळीने वितळलेला धातू ओतायचा, हाताला एक झटका द्यायचा म्हणजे रस कोपऱ्यापर्यंत पोचतो, आणि साचा उघडायचा. खिळा तयार. पुन्हा ओता, पुन्हा उघडा. शिसं, कथील आणि अँटिमनी ही खिळ्यांच्या धातूची जोड पुढे पाचशे वर्षं छापखान्यांत टिकली. नुसतं शिसं दाबाखाली चेपतं, अँटिमनीने ते कडक होतं आणि थिजताना फारसं आकसत नाही. आमच्याकडे झिजलेले खिळे वितळवायला परत जायचे, तेही हेच मिश्रण.

शाईसुद्धा बदलावी लागली. लेखणीची पाणीदार शाई धातूवर थांबत नाही, थेंब होऊन ओघळते. तेलात खललेली, चिकट, जवळजवळ रंगकामासारखी शाई लागली. त्याच्या बायबलची शाई विसाव्या शतकात तपासली तेव्हा तिच्यात तांबं आणि शिसं भरपूर सापडलं. साडेपाचशे वर्षांनीही तो काळा रंग चकाकतो.

आता माणसाबद्दल. योहानेस गुटेनबर्ग १४०० च्या सुमारास जन्मला. कुळाचं नाव गेन्सफ्लाइश, ‘गुटेनबर्ग’ हे घराचं नाव. १४३० च्या दशकात तो स्ट्रासबुर्गला होता आणि तिथे भागीदारीत यात्रेकरूंसाठी आरसे बनवत होता. आखेनच्या यात्रेत पवित्र अवशेष दुरून दाखवत, गर्दीतले भाविक त्यांचं तेज पकडायला आरसा वर धरत. यात्रा १४३९ ला भरायची होती, ती प्लेगमुळे वर्षभर पुढे गेली आणि पैसा अडकला. त्याआधी, १४३८ च्या नाताळात, आन्द्रेआस ड्रिट्झेन हा भागीदार वारला. त्याच्या भावांनी दावा लावला. त्या खटल्यातल्या साक्षी शिल्लक आहेत. भागीदाराच्या घरी एका दाब्यात चार तुकडे बसवलेले होते. गुटेनबर्गने निरोप धाडला होता की दोन स्क्रू सैल करा म्हणजे तुकडे सुटे होतील आणि हे काय आहे ते कुणाला कळणार नाही. एका सोनाराने साक्षीत सांगितलं की छापण्याच्या कामापोटी या माणसाकडून मी १०० गुल्डेन (तेव्हाची सोन्याची नाणी) कमावले. धंद्याचं गुपित जपणारा एक माणूस या कागदांत अगदी जवळून दिसतो.

माइन्झला परतल्यावर त्याने योहान फुस्टकडून कर्ज काढलं. १४५० मध्ये ८०० गुल्डेन सहा टक्क्यांनी, तारण म्हणून त्याच पैशातून होणारी हत्यारं. १४५२ मध्ये आणखी ८००, ‘पुस्तकांच्या कामासाठी’. त्यातून उभं राहिलं ४२ ओळींचं बायबल. दोन खंड, सुमारे १२८० पृष्ठं, अंदाजे १८० प्रती. काही चर्मपत्रावर, बाकीच्या इटलीहून आणलेल्या कागदावर. चर्मपत्राच्या एकेका प्रतीला दीडशेहून जास्त वासरांची कातडी लागली.

आणि बायबल पुरं होत असतानाच फुस्टने दावा लावला. मुद्दल आणि व्याज धरून २०२६ गुल्डेन. ६ नोव्हेंबर १४५५ ला माइन्झमधल्या फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहात हेल्मास्पेर्गर नावाच्या नोटरीने सगळं लिहून घेतलं. तो कागद आज ग्योटिंगेनला आहे. गुटेनबर्गची बाजू त्यात आहे: फुस्टने दरवर्षी ३०० गुल्डेन खर्चाला द्यायचे होते, नोकरांचा पगार, घरभाडं, चर्मपत्र, कागद आणि शाई यांसाठी.

पगार, भाडं, कागद, शाई. आमच्या अण्णांच्या लाल वहीत डाव्या बाजूला हेच चार रकाने होते. ती ओळ वाचली तेव्हा मी वही काढून शेजारी ठेवली आणि बराच वेळ नुसता बसून राहिलो.

त्या दिवशी गुटेनबर्ग स्वतः आला नाही. त्याच्या वतीने एक धर्मगुरू आणि दोन कामगार आले: हाइनरिश केफर आणि हानाउचा बेश्टोल्फ. या दोन नावांसाठी मी हा धागा काढलाय असं म्हटलं तरी चालेल. केफर पुढे न्युरेंबर्गला मुद्रक झाला. बेश्टोल्फ बाझेलला गेला आणि त्या शहरातला पहिला मुद्रक ठरला. मालकाचं दुकान जात असताना त्याच्या बाजूने उभे राहिलेले हे दोन कारागीर. त्यांच्या बोटांत ते अक्षर होतं आणि ते त्यांनी पुढच्या गावाला नेलं. छपाईचा इतिहास सांगताना एकाचंच नाव येतं, म्हणून ही दोन इथे लिहून ठेवतो.

---

पाऊलवाट

धागा आवडला. पण शीर्षकातल्या प्रश्नालाच हरकत घेतो. सुटे खिळे ही युरोपची गोष्ट नाहीच. चीनमध्ये बी शंग याने १०४० च्या दशकात भाजलेल्या मातीचे सुटे ठसे केले. कोरियात धातूचे खिळे होते. ‘जिक्जी’ हा बौद्ध ग्रंथ १३७७ मध्ये चोंगजूजवळच्या विहारात धातूच्या खिळ्यांनी छापला, म्हणजे गुटेनबर्गच्या बायबलाआधी पाऊणशे वर्षं. त्याचा उरलेला खंड आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. मग ‘शोधलं’ हा शब्द कशाला?

---

खिळाजुळवा

हरकत मान्य, आणि मनापासून. मूळ लेखात हे यायलाच हवं होतं.

फरक कुठे पडला याबद्दल माझी समजूत अशी. कोरियात वाळूत ठसा उमटवून कांशाचे खिळे ओतत. खिळ्यांवर पातळ शाई लावून कागद वरून हाताने घासत, दाबा नव्हता. शिवाय तिथे चिनी लिपीची हजारो चिन्हं. गुटेनबर्गला लॅटिनसाठी, जोडअक्षरं आणि संक्षेप धरूनही, तीनशेच्या आतच चिन्हं लागली. तेवढीच पुन्हा पुन्हा ओतायची म्हटल्यावर ओतण्याची सोय फायद्याची ठरते. त्यामुळे ‘पहिला कोण’ या प्रश्नाचं उत्तर कोरिया आणि चीन, यात वाद नाही. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे: माइन्झमधल्या त्या खोलीत रोज सकाळी उठून नेमकं कोणतं काम सगळ्यांत अवघड होतं?

---

शंकानिरसन

त्या हातसाच्याबद्दलच थोडं थांबा. २००१ च्या सुमारास प्रिन्स्टनमध्ये पॉल नीडहॅम हे ग्रंथपाल आणि ब्लेझ अग्वेरा-इ-आर्कास हे संगणकतज्ज्ञ या दोघांनी गुटेनबर्गच्या कारखान्यातून आलेल्या एका पोपच्या फर्मानाची बारीक छायाचित्रं घेतली आणि एकच अक्षर शेकडो ठिकाणचं काढून संगणकावर एकमेकांवर ठेवून पाहिलं. तांब्याचा एकच खड्डा असेल तर सगळे ‘आय’ सारखे यायला हवेत. ते आले नाहीत. फरक इतके, की शाई कमीजास्त पडली एवढ्याने ते उलगडेनात. म्हणून त्यांनी मांडलं की सुरुवातीला साचा दर वेळी नवा होत असावा, कदाचित वाळूचा, आणि पोलादाची कांब व तांब्याचा खड्डा ही पद्धत नंतर आली असावी. यावर उलट टीकाही झाली: खिळे कानशीने घासले जातात, वापरून झिजतात, ओलसर कागद दबतो. पण ‘हातसाचा म्हणजेच गुटेनबर्ग’ असं ठाम लिहू नये एवढं मात्र नक्की.

---

पाऊलवाट

वाळूचा साचा! म्हणजे कोरियाचीच रीत, दुसऱ्या टोकाला स्वतंत्रपणे सुचलेली. हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद.

---

खिळाजुळवा

शंकानिरसन, मी ‘सांगितलं जाणारं उत्तर’ असं लिहिलं होतं खरं, पण लिहिताना मनात शंका नव्हती हे कबूल करतो. काल रात्री अण्णांना तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. ते जराही हलले नाहीत. म्हणाले, “वाळूत ओतला काय नि तांब्यात ओतला काय, उंची मिळवली ना?” मग स्वतःच म्हणाले की पहिल्या खेपेला कुणाला सगळं जमतं, दहा वर्षं ओतत राहिला असेल तेव्हा हात बसला असेल. मलाही आता हेच पटतंय. एका दिवसात झालेला शोध असं याचं चित्र काढणं चूक. स्ट्रासबुर्गच्या सुट्या तुकड्यांपासून बायबलपर्यंत पंधराएक वर्षं जातात.

---

ऱ्हाईनकाठी

मी फ्रँकफुर्टजवळ राहते. सात-आठ वर्षांपूर्वी आईबाबा आले होते तेव्हा त्यांना माइन्झच्या गुटेनबर्ग संग्रहालयात नेलं होतं. अंधाऱ्या दालनात काचेआड बायबल उघडून ठेवलेलं असतं. पण आईबाबा रमले ते खालच्या प्रात्यक्षिकात. एक वयस्कर गृहस्थ पळीने धातू ओतून खिळा पाडून दाखवत होते. ओतला, आणि दोन श्वास घेईपर्यंत साचा उघडला. खिळ्याला खाली शेपटी असते, ती त्यांनी बोटांनी मोडली आणि परत भांड्यात टाकली. मग चामड्याचे दोन गोळे शाईवर आपटून आपटून पानावर शाई चढवली. त्यांत घोड्याचे केस भरलेले असतात म्हणे. दांडा ओढायला माझ्या बाबांना बोलावलं. बाबा सगळा जोर लावून एकदम ओढायला गेले, तर ते गृहस्थ खुणेने म्हणाले, हळू, आणि शेवटी थांबा. कागद उचलला तेव्हा अक्षरं पाठीमागून बोटाला लागत होती, इतकी खोल उठली होती.

तो कागद आईने देवघराशेजारी लावलाय. सेंट जॉनच्या शुभवर्तमानाची सुरुवात आहे, “आदी शब्द होता”. आई म्हणते शब्दाला नमस्कार करायला धर्म कशाला आडवा येतो.

---

सांजवेळ

ऱ्हाईनकाठी, वाचून डोळे भरून आले. आईंना नमस्कार सांगा.

---

जमाखर्च

मी सनदी लेखापाल, त्यामुळे फुस्टची बाजू घेतो. कुणीतरी घ्यायला हवी. एकोणिसाव्या शतकापासून त्याला खलनायक करून ठेवलंय: भोळा संशोधक आणि कपटी सावकार. कागद मात्र तसं सांगत नाही.

त्या ६ नोव्हेंबरला फुस्टने शपथ घेतली ती कशाबद्दल? तर १५५० गुल्डेन त्याने स्वतः व्याजाने उचलून गुटेनबर्गला दिले याबद्दल. म्हणजे तोही देणेकरी होता. आणि धंदा कसला, तर पहिली प्रत विकली जाईपर्यंत एक पैसा आत येत नाही. दोनेक वर्षं नुसता कागद विकत घ्यायचा, माणसं पोसायची, छापलेली पानं गठ्ठे बांधून ठेवायची. १२८० वं पृष्ठ छापून होईपर्यंत पहिलं पृष्ठ विकता येत नाही.

त्यात आणखी एक गोष्ट, जी मला फार बोलकी वाटते. बायबलच्या सुरुवातीच्या पानांवर ४० ओळी आहेत. मग एका पानावर ४१. आणि पुढे ४२. अक्षराचा आकार तोच, ओळींमधली जागा कमी केली. पानागणिक दोन ओळी वाचल्या की एवढ्या मोठ्या ग्रंथात कागदाची किती बचत होते याचा हिशेब करा. आणि काम चालू असतानाच प्रतींची संख्या वाढवली गेली, कारण सुरुवातीची पानं मोडून झाल्यावर पुन्हा जुळवून पुन्हा छापलेली आढळतात. मागणी आहे असं दिसलं, नफा वाढेल म्हणून धंदा वाढवला, आणि रोख आणखी अडकली. आजच्या लघुउद्योगांचे ताळेबंद मी रोज बघतो. चांगली ऑर्डर आल्यानेच बुडालेली दुकानं मी पाहिली आहेत.

मागणी होती हेही नक्की. एनेआ सिल्व्हिओ पिकोलोमिनी, जो पुढे पोप झाला, त्याने मार्च १४५५ मध्ये एका कार्डिनलला पत्र लिहिलं. फ्रँकफुर्टला त्याने या बायबलची सुटी पानं पाहिली होती. अक्षर इतकं स्वच्छ की तुम्हाला चष्म्याशिवाय वाचता येईल, असं त्याने लिहिलंय. आणि प्रती पुऱ्या व्हायच्या आधीच गिऱ्हाइकं ठरली आहेत, असंही. त्यानंतर आठच महिन्यांत दावा.

---

खिळाजुळवा

जमाखर्च, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, पण मला ते वाचवेना. आमचं दुकान असंच गेलं. मोठी ऑर्डर एका संस्थेची होती, तिचं नाव घेत नाही. कागद उधारीवर उचलला. अहवाल छापून, बांधून तयार झाले. बिल मिळायला अकरा महिने लागले. कागदवाल्याचं चुकीचं नव्हतं, त्यालाही गिरणीला द्यायचे होते. तोपर्यंत गावात ऑफसेट, म्हणजे खिळ्यांशिवायची छपाई, आलं होतं. खिळे किलोवर गेले. अण्णांनी तराजूकडे पाहिलं नाही.

म्हणून फुस्टला खलनायक मीही म्हणणार नाही. फक्त एवढं की दुकान ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडे कारागीरही गेला. पेटर शोफर. आधी पॅरिसमध्ये पोथ्या नकलून काढणारा, उत्तम हस्ताक्षराचा माणूस. त्याने खटल्यात फुस्टच्या बाजूने साक्ष दिली, पुढे त्याच्या मुलीशी लग्न केलं. १४ ऑगस्ट १४५७ ला दोघांनी स्तोत्रांचा ग्रंथ काढला. शेवटी छापणाऱ्यांची नावं आणि तारीख छापलेलं युरोपातलं पहिलं पुस्तक ते. मोठी आद्याक्षरं लाल-निळ्या दोन रंगांत, इतकी नेटकी की अण्णा भिंगातून बघत राहिले. “रजिस्टर बघ,” म्हणाले, म्हणजे एका रंगावर दुसरा रंग नेमका बसणं, “एक केसही सरकलेला नाही.” नावं मात्र दोनच. गुटेनबर्गचं नाव त्याने छापलेल्या एकाही पुस्तकावर नाही.

---

तिसरीघंटा

पुढचं थोडं मी भर घालते. १४६२ च्या ऑक्टोबरात माइन्झच्या आर्चबिशपपदावरून दोन दावेदारांत लढाई झाली आणि नासाउच्या आडोल्फने शहर लुटलं. लोक परागंदा झाले, त्यात छापखान्यातले कारागीरही. माइन्झमध्ये जपून ठेवलेलं गुपित रस्त्याला लागलं: कोलोन, १४६५ ला रोमजवळचा सुबियाको मठ, १४६९ ला व्हेनिस, १४७० ला पॅरिस, १४७६ ला लंडनशेजारचं वेस्टमिन्स्टर. १५०० पर्यंत युरोपात दोनशेहून जास्त गावांत छापखाने होते. ज्याने शहर लुटलं त्याच आडोल्फने १४६५ मध्ये म्हाताऱ्या गुटेनबर्गला दरबारी मान दिला, दरवर्षी पोशाख, धान्य आणि द्राक्षारस. तीन वर्षांनी, १४६८ च्या फेब्रुवारीत तो गेला. त्याची कबर आज सापडत नाही, आणि ज्यावर विसंबावं असं चित्रही नाही. दाढीवाला जो चेहरा आपण पाहतो तो नंतरच्यांनी कल्पनेने काढलेला.

आणि मला सगळ्यांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट बायबल नाही. पापमुक्तीपत्रं. १४५३ ला कॉन्स्टँटिनोपल पडलं, सायप्रसच्या रक्षणासाठी पैसा हवा होता, म्हणून पोपने पापमुक्तीपत्रं विकायला परवानगी दिली. माइन्झमध्ये ती छापली गेली, एका पानाची, नाव आणि तारखेपुरती जागा कोरी सोडलेली. अशा पत्रावर हाताने भरलेली सर्वांत जुनी तारीख २२ ऑक्टोबर १४५४ आहे. म्हणजे छापखान्याच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक म्हणजे कोऱ्या जागांचा फॉर्म, तुमच्या अण्णांच्या पावतीपुस्तकासारखाच. पुढे १५१७ मध्ये मार्टिन लूथरने याच पत्रांच्या विक्रीवर बोट ठेवलं, आणि त्याचे ९५ मुद्दे छापखान्यांनीच काही आठवड्यांत जर्मनीभर नेले. १५२२ च्या सप्टेंबरात त्याचा जर्मन ‘नवा करार’ विटेनबर्गला छापून आला, डिसेंबरात दुसरी आवृत्ती काढावी लागली.

---

खिळाजुळवा

पावतीपुस्तक! अण्णांना सांगतो. खूश होतील.

---

काना_मात्रा

मुद्रितशोधन करतो, म्हणून दोन गोष्टी.

एक, हस्तलिखितवाल्यांचं काय झालं. स्पॉनहाइमच्या मठाधिपती त्रिथेमिउस याने १४९२ मध्ये नकलकारांच्या थोरवीवर पुस्तक लिहिलं: चर्मपत्र हजार वर्षं टिकेल, कागद दोनशे टिकला तरी खूप, म्हणून हाताने लिहिणं सोडू नका. हे पुस्तक १४९४ मध्ये माइन्झलाच छापलं गेलं. त्याला वाचक हवे होते, आणि वाचकांपर्यंत जायची वाट एकच उरली होती. पण बायबलच्या काळात हाताचं काम संपलं नव्हतं. मथळे लाल रंगात छापायचा प्रयत्न सुरुवातीच्या पानांवर झाला आणि सोडून दिला, जागा रिकामी ठेवली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या एका प्रतीत माइन्झच्या हाइनरिश क्रेमर या धर्मगुरूने शेवटी हाताने लिहून ठेवलंय की मी हे रंगवून, बांधून ऑगस्ट १४५६ मध्ये पुरं केलं. बायबल तोवर छापून झालं होतं हे आपल्याला कळतं ते या बाइंडरमुळे.

दुसरी गोष्ट अर्धविरामाची. आज आपण वापरतो तो व्हेनिसला आल्दुस मानुतिउसच्या छापखान्यात १४९६ च्या एका छोट्या पुस्तकात पहिल्यांदा दिसतो. खिळे कोरणारा होता फ्रान्चेस्को ग्रिफो. तिरपा टाइपही याच जोडीचा, १५०१ चा. मराठीत ही चिन्हं एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या हातून रुजली. पोथीत दंड होता, मोडीत तर शब्दही न तोडता लिहीत. माझ्या लाल पेनाखालून रोज जाणारा तो टिंब-स्वल्पविराम ग्रिफोच्या हातचा आहे हे कळल्यापासून मी तो जरा जपून खोडतो.

---

मांडवीकाठ

गोंयकार आहे, म्हणून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. बायबलनंतर शंभर वर्षांत छापखाना आमच्या दारात आला. इथिओपियाला निघालेला तो छापखाना ६ सप्टेंबर १५५६ ला गोव्यात उतरला आणि इथेच राहिला. गार्सिया द ओर्ताचं औषधी वनस्पतींवरचं पुस्तक १५६३ मध्ये इथेच छापलं.

पण या धाग्याशी खरं जुळतं ते फादर थॉमस स्टीफन्सचं. इंग्लंडहून आलेले जेजुइट, १५७९ पासून गोव्यात. मराठी ओवीत त्यांनी ख्रिस्तपुराण रचलं. ते १६१६ ला राशोल इथे छापलं गेलं, पण रोमन लिपीत. कारण देवनागरी खिळे नव्हते. त्याआधी, १६०८ मध्ये त्यांनी रोमला वरिष्ठांना पत्र लिहून खिळे मागितले होते. या भाषेची अक्षरं वर्णांची नसून पूर्ण उच्चारांची, म्हणून सहाशेवर साचे लागतील, पण युक्तीने ते दोनशेवर आणता येतील, असं त्यांनी समजावून लिहिलंय. साचे आले नाहीत. मराठी ओवी छापली गेली, मराठी अक्षर नाही.

---

खिळाजुळवा

मांडवीकाठ, सहाशेवरून दोनशेवर! अण्णा हे ऐकून खुर्चीत सरळ बसले. “अर्धी अक्षरं वेगळी, काना वेगळा, वेलांटी वरनं लावायची,” असं म्हणत त्यांनी हवेतच केस मांडायला सुरुवात केली. कुठला टाइप कुठल्या खणात हे त्यांची बोटं अजून विसरलेली नाहीत. चारशे वर्षांपूर्वी गोव्यात बसून कुणीतरी हाच हिशेब केला होता, हे त्यांना फार लागलं.

आणखी एक सांगायचं राहिलंय. बायबलच्या एका पानाची मोठी रंगीत छापील प्रत काढून मी त्यांना दिली होती. लॅटिन त्यांना येत नाही. त्यांनी भिंग घेतलं आणि उजवीकडच्या कडेवरून बोट खाली नेलं. दोन्ही स्तंभांची कड सरळ. आपल्याकडे ओळ भरायला शब्दांमध्ये स्पेस मारायची. कमी पडली तर पातळ पत्री, त्याहून कमी पडली तर कागदाचा कपटा. त्यांनी शब्दांमधल्या जागा पाहिल्या, त्या जवळजवळ सारख्याच. मग भिंग एका अक्षरावर थांबलं, तेच अक्षर दुसऱ्या ओळीत शोधलं, आणि म्हणाले, “हा अरुंद आहे. हा दुसरा खिळा आहे.” एकाच अक्षराचे रुंद-अरुंद खिळे, जोडअक्षरं, वर रेघ देऊन तोडलेले शब्द, ओळ बसेल तसं निवडून लावलेलं. आणि शब्द तोडल्याची बारीक रेघ कडेच्या बाहेर काढलेली, म्हणजे कड डोळ्याला वाकडी दिसत नाही. हे मी पुस्तकांत वाचलं होतं, त्यांना सांगितलं नव्हतं.

नंतर ओळी मोजल्या. बेचाळीस. जमाखर्च यांनी लिहिलेलं ४१ ओळींचं पान त्यांना बघायचंय. पाचव्या पानाची पाठची बाजू आहे ती, पण प्रती दोन जुळवण्यांच्या असल्यामुळे सगळ्या प्रतींत सापडणार नाही. ऱ्हाईनकाठी, तुम्हाला कुठल्या ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर दिसलं तर दुवा द्याल का? मोठ्या आकारात हवंय. त्यांना डाव्या डोळ्याने कमी दिसतं.